मुंबईहून गाडीने मनालीला, लहान मुलांसह स्कीइंगला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ते दहा वर्षांची मुलं, घरची गाडी आणि हिवाळ्यातलं मनाली, एवढं ज्यांचं ठरलंय त्या मुंबईकर पालकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. लहान मूल दिवसातून तासभर, फार तर दोन तास मन लावून स्की करतं. तो तास सकाळचा. त्या वेळी मुलाची झोप झालेली असावी, पोट भरलेलं असावं आणि ते कोरडं, उबदार असावं. मुक्काम, गाडी, कपडे, डबा ही सगळी तयारी त्या एका तासासाठी करायची असते. म्हणून खाली बर्फाआधी रस्त्याबद्दल बरंच आहे.

नाताळच्या सुट्टीत गेलो तर बर्फ मिळेल का?

भरवसा धरू नका. मनालीजवळचं सोलंग, जिथे मुलं स्की करणार, साधारण २,५०० मीटरवर आहे. तिथे बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेमुळे, आणि त्यांचा जोर बहुतेक वर्षी जानेवारीत वाढतो. स्की शिकायला नुसता पांढरा थर पुरत नाही. दगड आणि गवत पूर्ण झाकून, दाबून किमान फूटभर बर्फ लागतो, नाहीतर स्की दगडाला अडते आणि मूल तोंडावर पडतं. असा थर मिळण्याची सर्वांत चांगली शक्यता जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. संक्रांत घरी करून निघालात किंवा प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला पुढे-मागे दिवस जोडलेत, तर वेळ बरोबर साधते. त्यासाठी थोडी शाळा बुडेल. प्राथमिकच्या वर्गांत ती भरून काढता येते, बाईंशी आधी बोलून ठेवा.

नाताळातच जाणं भाग असेल तर बेत बर्फात खेळण्याचा ठेवा. अटल बोगद्यापलीकडे सिस्सू-कोकसरकडे साधारण ३,१०० मीटर उंचीवर बर्फ लवकर दिसतो. त्या आठवड्यात मनालीत गाड्यांच्या रांगा लागतात आणि खोल्या महाग असतात, हेही गृहीत धरा.

सोलंगच का? गुलमर्ग किंवा औली का नाही?

उतार आणि बर्फ याच निकषांवर निवडायचं तर गुलमर्ग सरस. नवशिक्यांसाठी रुंद, सौम्य उतार तिथे अगदी पायथ्याशी आहेत. पण काश्मीरचा महामार्ग हिवाळ्यात रामबन-बनिहाल पट्ट्यात दरडी आणि बर्फामुळे वारंवार बंद होतो, आणि लहान मुलांसह दिवसभर अडकून पडणं हा मोठा धोका. गुलमर्गला जायचं तर श्रीनगरपर्यंत विमानाने जा. औलीसाठी हरिद्वारपासून जोशीमठपर्यंत पावणेतीनशे किलोमीटर घाटच घाट. शिवाय जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचल्यावर तिथला रोपवे बंद झाला, त्यामुळे वरचा प्रवासही रस्त्यानेच. सोलंगला चौपदरी रस्ता मंडीजवळपर्यंत जातो, मनालीत दवाखाने आणि गॅरेजं आहेत, आणि मुक्काम २,०५० मीटरवर होतो. गाडीने जाणाऱ्या कुटुंबाला हेच सोयीचं.

घाट कमी हवा असेल तर शिमल्यापुढचं नारकंडा बघा. अंतर कमी आहे, पण बर्फाची खात्रीही कमी.

मुंबईपासून सगळा प्रवास गाडीनेच करावा का?

मनाली सुमारे १,९५० किलोमीटर आहे. मुलांसह जायला पाच दिवस, यायला पाच, आणि तिथे किमान चार दिवस, म्हणजे दोन आठवडे. एवढी रजा असेल, गाडी चालवणारे दोघं असतील आणि धाकटं मूल चारच्या पुढे असेल तर जरूर जा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर आमचं स्पष्ट मत असं, की चंडीगडपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने जावं आणि तिथून गाडी करावी. पश्चिम एक्सप्रेसने अंबाल्याला उतरूनही जमतं. भाड्याच्या गाडीत चाइल्ड सीट सहसा नसतं, आपलं घेऊन जा. काही घरांत एक जण आधी गाडी घेऊन निघतो आणि बाकीचे चंडीगडला येऊन मिळतात. दोन वर्षांचं मूल असेल तर हा मधला मार्ग फार चांगला.

टप्पे कसे पाडायचे?

मुलांसह दिवसाला सात तास स्टिअरिंग, त्याहून जास्त नाही. एक चालणारी मांडणी अशी:

पहिला दिवस मुंबई ते वडोदरा, सुमारे ४२० किमी. पहाटे पाचच्या आत दहिसर ओलांडा. घोडबंदर-वसई खाडीपाशी अडकलात तर दोन तास तिथेच जातात आणि संध्याकाळचा मुक्काम अंधारात पडतो. मुलांना रात्रीच्याच कपड्यांत उचलून गाडीत ठेवा, तलासरीच्या पुढे नाश्त्याला उठवा.
दुसरा दिवस अहमदाबाद बायपास करून उदयपूर, सुमारे ३७० किमी.
तिसरा दिवस चित्तोड, भिलवाडा, किशनगढमार्गे जयपूर, सुमारे ४०० किमी.
चौथा दिवस जयपूर, कोटपुतली, नारनौल आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग १५२ डी. हा २२७ किलोमीटरचा रस्ता २०२२मध्ये सुरू झाला आणि अंबाल्याच्या अलीकडे इस्माईलाबादला सोडतो, त्यामुळे दिल्लीत शिरावंच लागत नाही. हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की दिल्ली आणि लगतच्या शहरांत बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल गाड्यांवर बंदी येते. जुनी गाडी असेल तर हा रस्ता आणखी महत्त्वाचा. कुरुक्षेत्र किंवा चंडीगडला मुक्काम.
पाचवा दिवस चंडीगड ते मनाली, सुमारे २८० किमी. किरतपूर ते नेरचौक चौपदरी मार्गाने जुना वळणांचा घाट वाचतो. मंडीपुढे पंडोह ते कुल्लू या नदीकाठच्या पट्ट्याचं मात्र जुलै २०२३च्या पुरात मोठं नुकसान झालं आणि तिथे दरडीही पडतात. वेग तिथे मिळत नाही. धुकं नसेल तर चंडीगडहून सकाळी सातला निघा, नाहीतर मंडीला थांबा. मनालीत अंधार पडल्यावर पोचू नका. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठायला लागतं.

मनालीत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी स्की नाही. मुलांना गावात फिरवा, जुन्या मनालीत हिंडा, बर्फ दिसला तर खेळू द्या. पाच दिवस गाडीत बसलेलं मूल थेट स्कीवर उभं केलं की ते रडतं, आणि मग पुढचे दिवसही बूट घालायला तयार होत नाही.

हरियाणा-पंजाबच्या धुक्याचं काय?

घाटातल्या बर्फापेक्षा हा धोका मोठा आहे. जानेवारीत उत्तर राजस्थानपासून पंजाबपर्यंत पहाटे दृश्यमानता काही मीटरवर येते. या पट्ट्यात सकाळी नऊ-साडेनऊच्या आधी निघू नका आणि संध्याकाळी सहाला हॉटेल गाठा. मुंबईची पहाटे निघण्याची सवय जयपूरपुढे सोडून द्यायची. धुक्यात सापडलातच तर हेडलाइट लो-बीमवर आणि फॉग लॅम्प चालू ठेवा. हाय-बीमचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला गाडी उभी आहे की चालते आहे ते कळत नाही. थांबायचं तर रस्त्याच्या कडेला नाही, ढाब्याच्या किंवा पंपाच्या आवारात.

मुंबईतल्या गाडीला काय काय करून घ्यावं?

निघण्याच्या पंधरा दिवस आधी करा, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

कूलंट: मुंबईत बर्फ नसल्याने बऱ्याच गाड्यांत साधं पाणीच टॉप-अप होत आलेलं असतं. पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक फोडतं. सगळं काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं, ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असलेलं कूलंट भरा. ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं.

बॅटरी: उकाड्याने बॅटरी झिजते आणि थंडीत ते उघडं पडतं. तीन वर्षं झाली असतील तर लोड टेस्ट करून घ्या, काठावर असेल तर इथेच बदला. जंपर केबल सोबत हवी.

डिझेल: थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळीला ६ अंश अशी आहे. प्रत्यक्षात इंधन याहून बरं असतं, तरी मनालीत पोचताना टाकीत मैदानातलं डिझेल कमीत कमी असावं. कुल्लू-मनालीच्या पंपावर भरा आणि लगेच दहा-पंधरा किलोमीटर चालवा, म्हणजे नवं डिझेल फिल्टरपर्यंत पोचतं.

काच धुण्याचं पाणी: साधं पाणी काचेवर पडताक्षणी गोठतं आणि समोरचं दिसेनासं होतं. न गोठणारा वॉशर द्रव भरा.

टायर: खाच चार मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बर्फावर पकड राहत नाही. हवेचं गणित दुहेरी आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण १ पीएसआय कमी होतो, म्हणजे मुंबईच्या ३० अंशांवरून शून्यावर गेल्यावर पाच-सहा. उलट उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने मापकावर मनालीत सुमारे ३ पीएसआय जास्त दिसतं. त्यामुळे मुंबईतच अंदाजाने जास्त हवा भरण्यात अर्थ नाही. मनालीत सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. स्टेपनीची हवा विसरू नका.

याशिवाय फावडं, जाड टो-दोरी, टॉर्च, दोन ब्लँकेट आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे असू द्या. मनालीच्या नाक्यावर बाहेरच्या गाड्यांकडून हरित कर घेतात, पावती जपून ठेवा.

आमची सीएनजी गाडी आहे. इलेक्ट्रिक घेतली तर?

सीएनजी गाडी जाईल, पण घाटात पेट्रोलवरच धरा. पंप विरळ आहेत, आणि सिलिंडरने डिकी अडवल्यामुळे मुलांचे कोट-बूट ठेवायला वर कॅरिअर लागतो. इलेक्ट्रिक गाडीची रेंज थंडीत आणि हीटर लावल्यावर चांगलीच घटते, त्यात चढ. चंडीगडपुढे प्रत्येक चार्जिंगचं ठिकाण आणि त्याला पर्यायी दुसरं ठिकाण आधी ठरलेलं असेल तरच न्या.

स्नो चेन लागतात का? कशा लावायच्या?

ताजा बर्फ पडला की प्रशासन मनालीपुढे नेहरू कुंडाच्या आसपास गाड्या अडवतं आणि फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या पुढे सोडतं. कधी फक्त फोर बाय फोर. अशा दिवशी वाद न घालता स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करणं उत्तम. मनाली ते सोलंग सुमारे १३ किलोमीटर आहे, आणि त्या रस्त्यावर मुंबईच्या चालकाने पहिल्यांदा बर्फ शिकावा हे मुलं मागे बसलेली असताना योग्य नाही.

तरी चेन जवळ असाव्यात, कारण रात्रीत मनालीतच बर्फ पडू शकतो. टायरवरचा आकडा वाचून घ्या, उदाहरणार्थ २०५/६० आर १६, आणि त्याच मापाच्या चेन आणा. सैल चेन सुटते आणि ब्रेकची नळी तोडते. चेन नेहमी इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. लावण्याची पद्धत:

१. सपाट जागी, रस्त्याबाहेर गाडी थांबवा. हातब्रेक लावा, इंडिकेटर चालू ठेवा. मुलं गाडीतच.
२. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. आकड्यांची (हुकांची) टोकं टायरच्या विरुद्ध बाजूला, बाहेर वळलेली हवीत, नाहीतर ती रबर कापतात.
३. टायरवर टाकून आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवा. हे काम हाताच्या अंदाजानेच होतं, तिथे दिसत नाही.
४. मग बाहेरचा आकडा, मग ताण देणारं रबर किंवा साखळी.
५. पन्नास-शंभर मीटर हळू जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा. ही पायरी वगळल्यामुळेच बहुतेक चेन सुटतात.
६. वेग ४० किलोमीटरच्या आत. डांबर उघडं दिसलं की काढून टाका, नाहीतर चेनही तुटते आणि टायरही जातो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा लावून-काढून बघा. भांडी घासायचे रबरी हातमोजे चेनच्या पिशवीतच ठेवा. उघड्या हातांनी हे काम पाच मिनिटांपलीकडे होत नाही.

बर्फाळ रस्त्यावर चालवताना नेमकं काय वेगळं?

सगळं हळू. दुसऱ्या गिअरमध्ये निघा, म्हणजे चाक फिरत बसत नाही. उतारावर इंजिनाच्या ब्रेकवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. फक्त पुढच्या चाकांना चेन असेल तर उतारावर जोरात ब्रेक मारल्यास गाडीची मागची बाजू फिरते. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. पांढऱ्या बर्फापेक्षा न दिसणारा काचेसारखा थर जास्त घातक. तो सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं तिथे असतो, आणि सकाळी दहापर्यंत टिकतो.

रात्री गाडी लावताना हातब्रेक ओढू नका, ओले लायनर गोठून चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. खरवडून काढा.

चाइल्ड सीट खरंच लागतं का? मांडीवर घेतलं तर?

मांडीवरचं मूल धडकेत हातांत राहत नाही, पुढच्या काचेवर जातं. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम १९४ बी प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट बंधनकारक आहे. दंड १,००० रुपये, पण दंडासाठी नाही तर वरच्या कारणासाठी लावा.

थंडीत एक चूक हमखास होते, ती म्हणजे जाड जॅकेट घालून बेल्ट बांधणं. धडकेत जॅकेटमधली हवा दाबली जाते, बेल्ट सैल पडतो आणि मूल निसटतं. गाडीत पातळ फ्लीसवर बेल्ट आवळा आणि वरून ब्लँकेट किंवा उलटं जॅकेट घाला.

घाटात मुलं उलट्या करतात.

मंडीपुढे ठरलेलंच समजा. निघण्याआधी तासभर हलकं, कोरडं खाणं द्या. दूध आणि तेलकट पराठा नको. मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. हीटर कमी ठेवून काच बोटभर उघडी. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि पहिला डोस घरी देऊन पाहिलेला असावा. झिप पिशव्या, ओला रुमाल आणि एक कपड्यांचा जोड डिकीत नाही तर सीटखाली.

उंचीचा त्रास होईल का?

मनालीत २,०५० मीटरवर झोपायचं आणि सोलंगला दिवसा जाऊन यायचं, या पद्धतीत बहुतेक मुलांना होत नाही. लहान मूल डोकं दुखतंय असं सांगू शकत नाही. ते चिडचिड करतं, खात नाही, उलटी करतं, नेहमीपेक्षा जास्त झोपतं. अशी लक्षणं दिसली तर आणखी वर नेऊ नका. वाढली तर खाली कुल्लूकडे उतरा आणि डॉक्टरांना दाखवा. दमा असलेल्या मुलाला थंड, कोरड्या हवेत धाप लागू शकते. इन्हेलर पालकांच्या आतल्या खिशात ठेवा, थंड पडलेला इन्हेलर नीट फवारत नाही.

कोणत्या वयाला स्की शिकता येते?

तीनच्या आत नाही. तीन-चारला बर्फावर बूट घालून चालणं, घसरगाडी आणि सपाटीवर स्की घालून पाच-दहा मिनिटं. खरं शिकणं पाच-सहाच्या पुढे, जेव्हा मूल सूचना ऐकून पाय वळवू शकतं. आधी दोन महिने सोसायटीत रोलर स्केट केलेलं मूल ठळकपणे लवकर शिकतं, कारण पायाखालची जमीन सरकण्याची भीती त्याची आधीच गेलेली असते.

कपडे काय न्यायचे? तिथे भाड्याने मिळतात ना?

सोलंगच्या वाटेवर कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. मोठ्यांचं भागतं. लहान मापं मात्र थोडी, आणि ती बऱ्याचदा आदल्या दिवसापासून आतून ओलसर असतात. मुलांसाठी एवढं मुंबईतूनच न्या:

अंगाला लागून सिंथेटिक किंवा लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स पूर्ण वर्ज्य. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं आणि अंग गार पाडतं. बोटं एकत्र राहणारे, पाणी न शिरणारे हातमोजे प्रत्येकी दोन जोड्या, कारण पहिली जोडी अर्ध्या तासात भिजते. ते दोरीने बाहीतून ओवून ठेवा. लोकरीचे लांब मोजे, एका वेळी एकच जोडी. दोन घातले की बूट घट्ट होतो, रक्त पोचत नाही आणि पाय जास्त गारठतात. मफलर नको, तो अडकतो. त्याऐवजी गळ्यात चढवायची नळीसारखी पट्टी.

हेल्मेट आणि गॉगलवर काटकसर करू नका. हेल्मेट स्कीसाठीचं, ईएन १०७७ मानकाचं. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे आणि डोकं हलवल्यावर हलता कामा नये. आत कानटोपी घालायची नाही.

भाड्याचे स्की आणि बूट निवडताना काय बघायचं?

बूट आधी, स्की नंतर. स्की-बुटाचं माप पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतं. मुलाला भिंतीला टाच लावून उभं करा आणि अंगठ्यापर्यंत मोजा. साडेअठरा भरलं तर १८.५चा बूट. वाढत्या अंगाचा म्हणून दोन माप मोठा घेतला तर टाच आत उचलली जाते, मूल मागे रेलतं आणि स्कीवर त्याचा ताबा राहत नाही. बकल लावून गुडघे पुढे वाकवायला सांगा. वाकवल्यावर टाच उचलली गेली तर बूट मोठा आहे.

स्कीची उंची छाती ते हनुवटीच्या मध्ये. लांब स्की वळत नाही.

बाइंडिंगकडे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीकडे, सर्वांत जास्त लक्ष द्या. पडल्यावर बूट स्कीतून सुटला नाही तर पाय पिळला जातो आणि नडगीचं हाड मोडू शकतं. बाइंडिंगच्या खिडकीत आकडा दिसतो. अठरा ते एकवीस किलोच्या मुलाला तो साधारण १ ते १.५ हवा, नेमका आकडा बुटाच्या तळव्याच्या लांबीवर ठरतो आणि जाणकारानेच लावायचा. मोठ्यांच्या अनेक बाइंडिंगचा आकडा ३ किंवा ४पासूनच सुरू होतो. त्या छोट्या मुलाला कधीच सुटणार नाहीत. दुकानात मुलांची बाइंडिंग नसेल तर त्या दिवशी स्की करू नका, घसरगाडी घ्या. काठ्या पहिल्या दिवसांत नकोतच, हात गुंततात.

ठरवताना स्की, बूट, प्रशिक्षक आणि वेळ या सगळ्यांचा मिळून एकच दर आधी बोला.

प्रशिक्षक कसा निवडायचा आणि पहिल्या तासात काय व्हायला हवं?

मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण आणि संलग्न क्रीडा संस्थेचा स्कीचा कोर्स केला आहे का, ते विचारा. एका मुलाला एक प्रशिक्षक, ४५ मिनिटं ते तासभर, सकाळी साडेनऊ-दहाला. गाड्यांच्या तळाजवळचा उतार टाळा, तिथे घोडे, स्नो-स्कूटर आणि ट्यूबवर घसरणारे पर्यटक एकमेकांत मिसळलेले असतात. चालत थोडं पुढे जा. उताराच्या खाली मोकळी सपाटी हवी, म्हणजे मूल आपोआप थांबतं.

क्रम असा असावा. आधी नुसते बूट घालून दहा मिनिटं चालणं. मग एकच स्की घालून दुसऱ्या पायाने ढकलत जाणं. मग दोन्ही स्की, सपाटीवर. मग पडायला आणि उठायला शिकणं: बाजूला पडायचं, स्की उताराला आडव्या करायच्या, मग उठायचं. मग आडवं पाऊल टाकत पाच-सहा मीटर चढून सरळ घसरणं. शेवटी पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून पिझ्झाच्या तुकड्याचा आकार, म्हणजे थांबणं. मूल थांबायला शिकेपर्यंत कुणी वर नेतो म्हणाला तर नकार द्या. फोटोसाठी उंचावर नेऊन मुलाला दोन पायांत धरून खाली आणणं हे शिकवणं नाही.

मूल हसत असतानाच थांबवा. दुसऱ्या दिवशी ते स्वतः बूट मागतं.

आम्हीच शिकवलं तर?

तुम्हाला स्वतःला कुठल्याही उतारावर थांबता येत असेल तरच. एरवी तुम्ही खाली उभे राहा, हातात कोरडे मोजे आणि थर्मास घेऊन.

डब्यात काय?

थंडीत मुलं भूक सांगत नाहीत, एकदम रडतात. निघण्याआधी गरम मेतकूट-भात-तूप किंवा उपमा. उतारावर दर चाळीस मिनिटांनी दोन घास: तिळाची वडी, राजगिऱ्याचा लाडू, गूळपोळीचा तुकडा, दशमी. हे गोठून दगड होत नाहीत आणि मोजे घातलेल्या हातात धरता येतात. चॉकलेटचे बार कडक होतात. पाणी कोमट, थर्मासमध्येच. संध्याकाळी गावात तूप घातलेलं गरम सिड्डू (वाफवलेला हिमाचली पाव) मिळतं, ते बहुतेक मुलांना आवडतं. सोलंगला स्वच्छतागृहांची वानवा आहे, सगळे कपडे चढवण्याआधी हॉटेलवरच उरकून घ्या.

बर्फात ऊन लागतं का?

मुंबईच्या मे महिन्याएवढंच गांभीर्याने घ्या. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. एसपीएफ ५० नाकाखाली, हनुवटीखाली आणि कानांनाही लावा, दोन तासांनी पुन्हा. ढग असले तरी गॉगल हवाच.

बोटं किंवा गाल पांढरे पडले तर?

लगेच आत न्या. ओलं काढा, बोटं तुमच्या काखेत किंवा पोटावर धरा. चोळू नका, बर्फ लावू नका, हीटरसमोर धरू नका, बधिर कातडी भाजते आणि मुलाला कळत नाही. वीस-तीस मिनिटांत रंग आणि संवेदना परत आली नाही किंवा फोड आले तर दवाखाना. मूल थरथरायचं थांबून सुस्त झालं, बोलणं जड झालं तर ती तातडीची अवस्था आहे.

खोली गरम कशी ठेवायची?

इलेक्ट्रिक हीटर किंवा ऑइल रेडिएटर आहे का आणि वीज गेल्यावर काय, हे बुकिंगच्या वेळी विचारा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. धुराडं बाहेर काढलेला तंदूर (खोली तापवायची लाकडाची लोखंडी शेगडी) चालतो, तोही झोपण्याआधी विझवून.

गाडी बर्फात अडकली आणि पुढे जाता येत नसेल तर?

गाडीतच थांबा. आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढा, नाहीतर धूर आत येतो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवून हीटर लावा, त्या वेळी एक काच थोडी उघडी. मुलांना दोघांच्या मध्ये, एकाच ब्लँकेटखाली. म्हणून बर्फाच्या भागात टाकी कधी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

विमा?

प्रवास विम्यात स्कीइंग बऱ्याचदा साहसी खेळ म्हणून वगळलेलं असतं. पॉलिसीत ते समाविष्ट आहे असं लेखी घ्या. गाडीच्या विम्यात रस्त्यावरची मदत हिमाचलातही मिळते का, तेही विचारा.

परत आल्यावर गाडीचं काय करायचं?

खालून पाण्याच्या दाबाने धुवून घ्या, चिखल, वाळू आणि मीठ सांध्यांत बसलेलं असतं. टायरची हवा मुंबईच्या तापमानात पुन्हा मोजा. चेन गोड्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर आपल्या दमट हवेत पावसाळा संपेपर्यंत त्या गंजतात. कूलंट तसंच राहू द्या, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला त्यात साधं पाणी घालू नका असं गॅरेजवाल्याला बजावून सांगा.